सहाचे राज्य कुठवर?



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ आपण या व्याख्यानमालेला जमतो, ते वर्गात मूळ संख्यांची यादी पाठ करून घेत नसत. फळ्यावर यादी लिहायची आणि तिच्याखाली मुलांना दुसरी ओळ लिहायला सांगायची, ही त्यांची रीत होती. दुसऱ्या ओळीत शेजारशेजारच्या दोन संख्यांची वजाबाकी. २, ३, ५, ७, ११, १३, १७ यांच्याखाली १, २, २, ४, २, ४. आज मला त्या दुसऱ्या ओळीबद्दल बोलायचे आहे. पहिली ओळ कधी संपत नाही हे युक्लिडने तेवीसशे वर्षांपूर्वी सिद्ध केले. दुसऱ्या ओळीबद्दल मात्र शाळकरी मुलगा विचारील असे प्रश्नही अजून सुटलेले नाहीत.

त्यातला एकच प्रश्न मी घेतो. या दुसऱ्या ओळीत कोणती संख्या सर्वांत जास्त वेळा येते?

आधी मोजून पाहू. ९७ पर्यंत २५ मूळ संख्या आहेत, म्हणजे अंतरे २४. त्यातले १ हे अंतर एकदाच येते, २ आणि ३ यांच्यामध्ये. पुढच्या सगळ्या मूळ संख्या विषम असल्यामुळे त्यांच्यातले अंतर समच असणार. उरलेल्या २३ अंतरांत २ हे अंतर आठ वेळा येते, ४ सात वेळा, ६ सात वेळा, आणि ८९ वरून ९७ वर जाताना ८ एकदा. इथे २ पहिला आहे, पण अगदी थोडक्यात. पुढे १०१, १०३, १०७, १०९, ११३ असे जाताना २ आणि ४ बरोबरीने चालतात. ११३ नंतर एकदम १२७ येतो, मधल्या तेरा संख्यांत एकही मूळ नाही. १३१ ला पोहोचलो की ४ अकरा वेळा आलेला असतो आणि २ दहा वेळा. तेवढ्यापुरता ४ एकटा पुढे असतो. १३७ आणि १३९ ही जोडी आली की पुन्हा बरोबरी होते.

जॉन कॉनवे या गणितज्ञाने १९९३ मध्ये या शर्यतीतल्या पहिल्या क्रमांकाला एक नाव दिले. मूळ संख्या एकीवरून दुसरीवर उडी मारत पुढे जातात, म्हणून दिलेल्या मर्यादेपर्यंत सर्वांत जास्त वेळा मारलेली उडी ही विजेती उडी. मर्यादा बदलली की विजेता बदलू शकतो, आणि दोघे-तिघे बरोबरीतही राहू शकतात.

आता मर्यादा १,००० करू. १६८ मूळ संख्या, १६७ अंतरे. २ येतो ३५ वेळा, ४ येतो ४० वेळा आणि ६ येतो ४४ वेळा. मर्यादा दहा लाखांवर नेली तर २ आठ हजार १६९ वेळा, ४ आठ हजार १४३ वेळा, आणि ६ तेरा हजार ५४९ वेळा. २ आणि ४ यांच्यात किती थोडा फरक उरला आहे आणि ६ किती पुढे निघून गेला आहे, ते पाहा. ९४७ या मूळ संख्येपासून पुढे ६ चा पहिला क्रमांक कोणी हिरावून घेतलेला नाही. संगणकांनी प्रत्यक्ष जेवढे मोजले आहे, त्या सगळ्या पट्ट्यात विजेता ६ च आहे. एवढा पुरावा हाती असला की कोणीही म्हणेल, चला, उत्तर मिळाले, उत्तर ६.

हे उत्तर चुकीचे आहे असे मानायला अतिशय भक्कम कारण आहे, आणि ते कारण समजून घ्यायला वही-पेन पुरते.

६ जिंकतो कशामुळे, इथून सुरुवात करू. ३ च्या पुढची कोणतीही मूळ संख्या घ्या आणि तिला ६ ने भागा. बाकी ० आली तर ती मूळ नाही. २ किंवा ४ आली तर संख्या सम. ३ आली तर तिला ३ ने भाग जातो. उरतात दोनच बाक्या, १ आणि ५. प्रत्येक मूळ संख्या या दोनपैकी एका गटात बसते. आता उडी मारून पाहा. ५ बाकीच्या गटातून २ ची उडी मारली तर आपण १ बाकीच्या गटात येतो, ठीक आहे. पण १ बाकीच्या गटातून २ पुढे गेलो तर बाकी ३ येते, म्हणजे ती वाट बंद. ४ चे नेमके उलटे: १ च्या गटातून जाता येते, ५ च्या गटातून नाही. म्हणून २ आणि ४ यांना एकेकच वाट आहे, आणि म्हणूनच दहा लाखांपर्यंत त्यांचे आकडे जवळपास सारखे आहेत. ६ ची उडी मारली की बाकी बदलतच नाही. दोन्ही गटांतून वाट मोकळी. २ आणि ४ यांच्या मानाने ६ ला दुप्पट संधी मिळते.

मग शंभरच्या आत ६ मागे का पडला? कारण तिथे मूळ संख्या फार दाटीने आहेत. शंभरच्या आत ६ चे अंतर असलेल्या मूळ संख्यांच्या जोड्या पंधरा आहेत, दुपटीच्या जवळच. पण ११ आणि १७ यांच्यामध्ये १३ येतो, ४१ आणि ४७ यांच्यामध्ये ४३ येतो. अशा आठ जोड्या मधल्या मूळ संख्येने तुटतात आणि सलग म्हणून सातच उरतात. संख्या मोठ्या होत गेल्या की मूळ संख्या विरळ होतात, मध्ये कोणी येण्याची शक्यता घटते आणि ६ ची दुप्पट संधी फळाला येते.

हे दोन्ही नीट लक्षात ठेवा. एका बाजूला वाटा किती मोकळ्या, आणि दुसऱ्या बाजूला मध्ये कोणी आडवे येण्याचा धोका किती. पुढची सगळी गोष्ट या दोघांच्या ताणातून घडते.

आता २ आणि ३ यांच्या जोडीला ५ घेऊ. ६ ऐवजी ३० ने भागू. ५ च्या पुढच्या मूळ संख्येला ३० ने भागले तर आठच बाक्या येऊ शकतात: १, ७, ११, १३, १७, १९, २३, २९. या आठांतून ६ ची उडी मारून पाहा. १ वरून ७, चालते. ७ वरून १३, चालते. ११ वरून १७, १३ वरून १९, १७ वरून २३, २३ वरून २९, सगळ्या चालतात. पण १९ वरून २५ वर जातो, आणि २५ ला ५ ने भाग जातो. २९ वरून ३५ वर जातो, तिथेही तेच. आठांपैकी सहा वाटा मोकळ्या, दोन बंद. २ ला तीनच वाटा, ४ ला तीन, १० ला चार, १२ ला सहा. आणि ३० ला? ३० ची उडी मारली की बाकी तीच राहते, म्हणून आठच्या आठ वाटा मोकळ्या. ६ ला सहा, तर ३० ला आठ. नुसत्या वाटांचा हिशेब केला तर ३० हा ६ च्या पुढे आहे, एक तृतीयांशाने पुढे.

मग दहा लाखांपर्यंत ३० कुठेच का दिसत नाही? आडवे येण्याच्या धोक्यामुळे. ६ ची उडी यशस्वी व्हायची तर मधल्या दोनच विषम संख्या मूळ नसल्या की झाले. ३० च्या उडीत मध्ये चौदा विषम संख्या येतात. त्यातल्या काहींना ३ आणि ५ नेच बाद केलेले असते, पण बाकीच्यांपैकी एकही मूळ असता कामा नये. दहा लाखांपर्यंत दोन मूळ संख्यांमधले सरासरी अंतर तेराच्या आसपास आहे. जिथे सरासरी तेरा, तिथे तीसची मोकळी जागा दुर्मिळच असणार.

पण सरासरी वाढते. कशी वाढते हे गाऊसने पंधरा-सोळाव्या वर्षी, १७९२-९३ च्या सुमाराला, नुसते तक्ते पाहून ओळखले होते. पुढे म्हातारपणी एन्के या खगोलज्ञाला लिहिलेल्या पत्रात त्याने सांगितले आहे की रिकामा पाव तास मिळाला की तो हजार संख्यांचा एखादा गठ्ठा घेऊन त्यातल्या मूळ संख्या मोजत बसे. त्याने ओळखलेला नियम असा: एखाद्या संख्येच्या आसपासचे सरासरी अंतर म्हणजे साधारण तिचा नैसर्गिक लॉगॅरिदम. १८९६ मध्ये आदामार आणि द ला व्हाले पूसाँ यांनी वेगवेगळे काम करून हा नियम सिद्ध केला. लॉगॅरिदम फार सावकाश वाढतो, पण थांबत नाही. म्हणजे अशी वेळ येणारच, की सरासरी अंतर ३० च्या बरेच पुढे गेलेले असेल, आडवे येण्याचा धोका किरकोळ झालेला असेल, आणि ३० च्या जादा वाटा अखेर कामाला येतील.

ती वेळ कधी येते याचा ढोबळ हिशेब अवघड नाही. सरासरी अंतर जितके मोठे, तितका मोठ्या उडीला बसणारा तोटा कमी; हा तोटा उडीची लांबी भागिले सरासरी अंतर या प्रमाणात घातांकी पद्धतीने बसतो असे मानायचे. ३० आणि ६ यांच्यातला फरक २४. वाटांचे गुणोत्तर चार तृतीयांश, त्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम ०.२८७७. २४ ला त्याने भागले की ८३.४ येतात. म्हणजे सरासरी अंतर ८३ च्या आसपास पोहोचले की ३० आणि ६ यांची बरोबरी. त्या ठिकाणच्या संख्या साधारण १ वर ३६ शून्ये एवढ्या मोठ्या असतात. अँड्र्यू ओड्लिझ्को, मायकेल रुबिनस्टाइन आणि मारेक वुल्फ यांनी १९९९ मध्ये याच विषयावर प्रसिद्ध केलेल्या निबंधात बारीक हिशेब केला. त्यांचे उत्तर सुमारे १७ वर ३४ शून्ये असे येते. आपला चार ओळींचा हिशेब इतक्या जवळ जातो, याचा मला दर वेळी तितकाच आनंद होतो.

आणि ३० सुद्धा कायमचा नाही. ७ घेतला की २१० येतो, आणि २१० ला ३० पेक्षा एक पंचमांश जादा वाटा असतात. तोच हिशेब पुन्हा केला तर १ वर सव्वाचारशेहून थोडी जास्त शून्ये एवढ्या संख्येपाशी २१० पुढे जातो. त्या तिघांचा अंदाज १ वर ४२५ शून्ये असा आहे. त्यानंतर ११ घेऊन २,३१०, मग १३ घेऊन ३०,०३०. पहिल्या काही मूळ संख्यांचा गुणाकार करत गेले की जे आकडे मिळतात, २, ६, ३०, २१०, २३१०, तेच ओळीने विजेते. १ सोडला तर या रांगेत न बसणारा विजेता एकच, आपण १३१ पाशी पाहिलेला ४. हीच त्यांची अटकळ.

हा विचार अचानक आलेला नव्हता. हॅरी नेल्सन यांनी १९७७-७८ मध्ये करमणूक गणिताच्या एका नियतकालिकात सर्वांत संभवनीय अंतराचा प्रश्न कोडे म्हणून घातला होता. १९८० मध्ये पॉल एर्देश आणि अर्न्स्ट स्ट्राउस यांनी दाखवले की एक विशिष्ट अटकळ खरी धरली, तर कोणतेही अंतर कायम विजेते राहू शकत नाही. विजेते अंतर वाढत वाढत अनंताकडे जाते. गंभीर संशोधनाचा विषय आधी कोड्यांच्या पानावर आला, यात मला काही कमीपणा वाटत नाही. संख्या सिद्धांतातले कितीतरी चांगले प्रश्न असेच आले आहेत.

आता मोजणीच्या पुराव्याच्या मघाच्या मुद्द्याकडे येतो, कारण माझ्या मते आजच्या विषयाचा गाभा तोच आहे. १७ वर ३४ शून्ये ही संख्या प्रत्यक्ष मोजून कधी गाठता येईल का? तिच्या आतल्या मूळ संख्या सेकंदाला शंभर कोटी या वेगाने मोजल्या तरी विश्वाच्या आजच्या वयाच्या लक्षावधी पट काळ लागेल. म्हणजे ३० ने ६ ला मागे टाकलेले मोजणीत कोणालाही दिसणार नाही. मोजणीवर विसंबून राहिलो तर आपण कायम ६ च म्हणत राहू, आणि कायम चुकत राहू. मूळ संख्यांच्या बाबतीत हे आधीही घडले आहे. अमुक मर्यादेपर्यंत मूळ संख्या किती, याचा गाऊसच्या सूत्रातून निघणारा अंदाज प्रत्येक तपासलेल्या ठिकाणी खऱ्या संख्येपेक्षा थोडा जास्त भरत होता. ते नेहमीच असेल असे सगळ्यांना वाटत होते. १९१४ मध्ये लिटलवुडने सिद्ध केले की हा क्रम पुढे उलटतो, आणि अनंत वेळा उलटतो. जिथे तो पहिल्यांदा उलटतो, ती जागा आजही मोजणीच्या टप्प्यात नाही.

त्यामुळे आपल्याकडे शाळा-कॉलेजांत गणितात 'पहिली दहा उदाहरणे बरोबर आली, म्हणजे नियम बरोबर' अशी जी सवय लागते, ती मला फार धोक्याची वाटते. उदाहरणे बघावीतच, भरपूर बघावीत. त्यांच्यावाचून प्रश्नच सुचत नाही. पण ६ का जिंकतो हे ज्याने विचारले, त्यालाच ६ हरणार हे कळले. लाखो उदाहरणांनी जे दडवून ठेवले, ते आठ बाक्यांच्या एका तक्त्याने दाखवले.

याच कारणमीमांसेतून शेजारचाही एक प्रकार उलगडला. २०१६ मध्ये रॉबर्ट लेम्के ऑलिव्हर आणि मूळचे चेन्नईचे कन्नन सौंदरराजन यांनी मूळ संख्यांच्या शेवटच्या अंकांकडे पाहिले. ५ नंतरच्या मूळ संख्या १, ३, ७ किंवा ९ ने संपतात, आणि चारही अंक जवळपास सारख्याच वेळा येतात. पण १ ने संपणाऱ्या मूळ संख्येनंतर लगेच १ नेच संपणारी येण्याचे प्रमाण अपेक्षेपेक्षा स्पष्ट कमी दिसते. तोच शेवटचा अंक पुन्हा यायचा तर अंतर १० च्या पटीत हवे, आणि पहिले १० चे अंतर १३९ आणि १४९ यांच्यामध्ये येते, तोवर तसे काहीच घडत नाही. पण लहान संख्यांपुरतीच ही गोष्ट असती तर ती पुढे लवकर विरून गेली असती. हा कल त्याहून किती तरी सावकाश विरतो, आणि त्याचे स्पष्टीकरण त्यांनी वाटांच्या याच हिशेबाच्या नेमक्या रूपातून दिले.

ते नेमके रूप म्हणजे हार्डी आणि लिटलवुड यांची १९२३ ची अटकळ. अमुक अंतरावरच्या मूळ संख्यांच्या जोड्या किती असतील, याचे सूत्र त्यांनी दिले. आपण मोजलेल्या वाटा त्या सूत्रात प्रत्येक मूळ संख्येसाठी एक गुणक होऊन बसतात. सूत्र आणि मोजणी यांचा मेळ थक्क करणारा आहे. तरीही ते सूत्र एकाही अंतरासाठी सिद्ध झालेले नाही. २०१५ मध्ये डॅनियल गोल्डस्टन आणि अँड्र्यू लेदोआन यांनी दाखवले की या अटकळीचे जोड्या आणि त्रिकुटांसाठीचे योग्य रूप खरे धरले, तर पुरेसे मोठे सगळे विजेते त्याच गुणाकारांच्या रांगेतले असतात. सिद्धता पक्की आहे, पण ती 'तर' वर उभी आहे. ३० चा विजय आज मी तुम्हाला सांगितला तो सिद्धांत म्हणून नाही. माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे, आणि विश्वास व सिद्धता यांतले अंतर मला आपल्यापासून लपवायचे नाही.

आपण खरोखर किती कमी जाणतो ते सांगतो. प्रत्येक सम संख्या सलग मूळ संख्यांमधले अंतर म्हणून अनंत वेळा येते, असे पोलिन्याकने १८४९ मध्ये म्हटले. त्यातली एकही सम संख्या नाव घेऊन सिद्ध झालेली नाही. २ नाही, ४ नाही, आपला ६ सुद्धा नाही. मोजलेल्या प्रत्येक पट्ट्यात जो जिंकतो, तो पुढे कुठेतरी कायमचा थांबत नाही एवढेही आपल्याला सिद्ध करता येत नाही. २०१३ मध्ये यितांग झांग या साठीच्या उंबरठ्यावरच्या, फारशा कोणाला ठाऊक नसलेल्या प्राध्यापकाने पहिल्यांदा दाखवले की ७ कोटींच्या आतले अंतर अनंत वेळा येते. त्याच वर्षी जेम्स मेनार्ड यांनी वेगळ्या वाटेने ती मर्यादा ६०० वर आणली. टेरेन्स ताओ आणि इतर अनेकांनी मिळून चालवलेल्या पॉलिमॅथ या सामूहिक कामातून २०१४ मध्ये ती २४६ झाली. एलियट आणि हाल्बरस्टॅम यांच्या अटकळीचे व्यापक रूप गृहीत धरले तर २४६ चे ६ होतात, आणि या पद्धतीने त्याखाली जाता येत नाही. इथे ६ पुन्हा भेटतो तो वेगळ्या कारणाने, त्याचा आपल्या विजेत्याशी संबंध जोडू नये. कसलेही गृहीत न धरता आज हाती आहे ते इतकेच: २४६ पर्यंतच्या सम संख्यांपैकी निदान एक अंतर अनंत वेळा येते. ते कोणते, हे कोणालाही सांगता येत नाही.

सभागृहात दहावी-बारावीची बरीच मुले दिसतात. त्यांना माझी विनंती आहे. हा प्रश्न समजायला जेवढे गणित लागते तेवढे तुमच्याकडे आत्ताच आहे. ३० चा तक्ता आपण इथे मांडला, २१० चा तुम्ही घरी मांडा. २, ३, ५, ७ यांपैकी कशानेही भाग न जाणाऱ्या बाक्या शोधा. त्या ४८ निघतील. मग त्या प्रत्येक बाकीवरून ६ ची, ३० ची आणि २१० ची उडी मारून मोकळ्या वाटा मोजा. उत्तरे ३०, ४० आणि ४८ अशी यायला हवीत.